वलगावचा वाइड रिसीव्हर

ज्या टीमला जिंकायची सवय नसते, तिच्याकडे बोलायला भरपूर असतं. जिंकणारे ट्रॉफी उचलून घरी जातात. आम्ही प्रॅक्टिसनंतर दह्यात बुडवलेल्या गिल्या वड्याच्या गाडीवर थांबतो, आणि एकाचा वडा संपेपर्यंत दुसऱ्याला काहीतरी आठवतं. असे किस्से साठत गेले. यातले बहुतेक मंगेशचे आहेत, कारण तो आल्यापासून आम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोललोच नाही.

आमचा खेळ म्हणजे अमेरिकेतला फुटबॉल, पण धक्काबुक्की वजा करून. चेंडू लंबुळका, तो हातात धरून पळायचं. प्रत्येकाच्या कमरेला कापडी पट्ट्या असतात. समोरच्यानं पट्टी ओढली की तुमचं पळणं संपलं. अमरावतीत अजूनही पुष्कळ लोक याला 'चेपलेल्या बॉलचा खेळ' म्हणतात आणि पुढे निघून जातात.

बोंडे सर आमचे कोच. इम्रान चेंडू फेकतो, एरवी त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी पायांतून चेंडू मागे इम्रानकडे देतो आणि एरवी विम्याच्या ऑफिसात बसतो. टीमला कमी होती ती वाइड रिसीव्हरची, म्हणजे मैदानाच्या कडेनं पळत जाऊन लांबवर फेकलेला चेंडू झेलणाऱ्या गड्याची. इम्रान सुंदर फेकायचा. तो चेंडू बहुतेकदा जमीनच झेलायची.

*

गणपतीच्या दिवसांत बोंडे सर पिशवी घेऊन भाजी मंडीत गेले होते. तिथे एका टेम्पोतून कोहळी उतरत होती. वरचा माणूस कोहळं फेकायचा, खाली उभा असलेला एक उंच पोरगा ते झेलायचा आणि मागच्याला द्यायचा. चांगले घागरीएवढे लाल भोपळे होते. पोराचं लक्ष मात्र समोरच्या पत्र्यावरच्या कबुतरांकडे. एकही कोहळं खाली पडलं नाही.

सर तिथंच उभे राहिले. टेम्पो रिकामा झाला तेव्हा ते पुढे झाले आणि पोराशी बोलले.

घरी आल्यावर वहिनींनी पिशवी उलटी करून पाहिली. "भाजी कोठी हाय?"

"वलगावची हाय," सर म्हणाले. "उद्या सकाळी मैदानावर येते."

*

पहिल्याच दिवशी मंगेशनं इम्रानचे सगळे चेंडू झेलले. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. चेंडू त्याच्या हातात पडताना आवाजसुद्धा होत नव्हता.

मग आपसात दोन गट पाडून खेळलो. इम्राननं लांबवर फेकला, मंगेशनं अलगद झेलला, आणि त्याच क्षणी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला. तो माणूस पलीकडच्या गटाचा होता. त्यानं दोन्हीकडे पाहिलं, विश्वास बसेपर्यंत थांबला आणि पळत सुटला.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही तेच.

सर जवळ गेले. "अरे बाप्पा, तू त्याले काहून देऊन रायला?"

"मांगचा माणूस खोळंबते ना सर," मंगेश म्हणाला. "माल हातात धरून ठेवला त लाईन थांबते."

"इथी मांगं कोणी नाई. झेलला का तुलेच घेऊन पळायचं हाय."

मंगेश विचारात पडला. "एकट्यानंच?"

पुढे बरेच दिवस तो चेंडू झेलला की आधी अंदाज घ्यायचा, कुणाचं काही अडलं तर नाही ना. मग पळायचा.

*

एक सकाळ मला विसरता येत नाही. दसऱ्याच्या आधीची, गवतावर दंव असलेली. ऊन तिरपं येत होतं आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धुरकट पिवळं झालं होतं. इम्राननं जीव खाऊन चेंडू फेकला. तो वर वर गेला, आणि मंगेश पळता पळता थांबला. मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून तो त्या चेंडूकडे पाहत राहिला. आमच्यापैकी कुणालाच ओरडावंसं वाटलं नाही. चेंडू त्याच्यापासून चांगला दहा हात लांब पडला.

"काय पायत होता?" सरांनी विचारलं.

"वरतं गेल्यावर थो थोडासा थांबते, सर," मंगेश म्हणाला. "तुमी पायलं नाई?"

सरांनी शिटी तोंडात घातली, पण वाजवली नाही. नंतर त्यांनी इम्रानला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अजून एक फेक बरं. पायतो."

मला तो पोरगा फार आवडायला लागला होता, हे सांगून टाकतो. त्यामुळे त्याच्याबद्दलचं माझं मत कुणी धरू नये.

*

मत मात्र द्यावं लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंगेशचे वडील रामभाऊ मैदानावर आले. वलगावला त्यांचा भाजीपाला आणि झेंडू. पोरगा रोज सकाळी इथं आणि तोडणीला माणूस नाही, असं चाललं होतं. ते भांडले नाहीत. सरांच्या शेजारी उकिडवे बसले आणि थोडा वेळ खेळ पाहिला.

"सर, मी अकोल्याची मॅच पायतो," ते म्हणाले. "मंग तुमी मले खरं सांगजा. पोरात काही असन त ठेवा. नसन त मी घेऊन जातो. नुसत्या आशेवर पोरगं ठेवत नसते."

त्या दिवशी वड्याच्या गाडीवर सरांनी आम्हाला विचारलं, "बोला. काय हाय त्याच्यात?"

इम्रान म्हणाला, "हात एक नंबर, भाई. पाय ठीकठाक. डोस्कं ढगात."

मी म्हणालो, "बॉलही तिकडूनच येते ना."

"येते," सर म्हणाले. "पण खाली येते."

*

अकोल्याला आम्ही एसटीनं गेलो. मंगेश बसल्या बसल्या झोपला. दोन्ही तळवे मांडीवर, वर उघडे. बडनेऱ्याला एक म्हातारी चढली. हातात कापडात बांधलेली दह्याची बरणी. बसायला जागा मिळाली, पण बरणी ठेवायला मिळेना. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि बरणी सरळ मंगेशच्या तळव्यांवर ठेवली. त्याची बोटं झोपेतच बरणीभोवती मिटली.

मूर्तिजापूरला ती उतरली तोवर तो जागा झाला नव्हता आणि दही हललं नव्हतं.

"पोरगं गुणाचं हाय," बरणी उचलताना ती सरांना म्हणाली. "जागचं हललं नाई."

"त्याचंच त भेव हाय, माय," सर म्हणाले.

*

अकोल्याचं मैदान दगडासारखं कडक. रामभाऊ फुलं विकून टेम्पो घेऊन परस्पर तिथे आले होते, धुतलेला सदरा घालून, कडेला एकटेच उभे. मंगेशनं दोनदा चांगला झेल घेतला. दोन्ही वेळा मी चोरून रामभाऊंकडे पाहिलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही थोडक्यात मागे होतो. एक झेल आणि मॅच आमची. मंगेश कडेनं निघाला आणि सगळ्यांना मागे टाकून मोकळा झाला. आसपास कुणी नाही. इम्राननं आयुष्यातला सगळ्यात देखणा चेंडू फेकला. तो संध्याकाळच्या उन्हात शिरला आणि दिसेनासा झाला.

मंगेश पाहत राहिला. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच पाहत राहिलो. त्याला भान आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानं अंग झोकून दिलं, चेंडू त्याच्या बोटांना लागून पुढे गेला, आणि तो त्या कडक जमिनीवर कोपरांवर आपटला.

अकोलेकर नाचत होते. रामभाऊ शांतपणे चालत आत आले. पोराला उठवलं, त्याच्या अंगावरची माती झटकली, कोपराचं रक्त आपल्या रुमालानं पुसलं. मग सरांकडे वळले.

"सर?"

सरांनी शिटी गळ्यातून काढून खिशात घातली. "मी येतो वलगावले," ते म्हणाले. "तेथी सांगतो."

मंगेश वडिलांच्या टेम्पोत बसून गेला. परतीच्या बसमध्ये कुणी एकही किस्सा काढला नाही.

*

दिवाळी तोंडावर आली होती. मंगेश मैदानावर येत नव्हता. एका सकाळी सर मला म्हणाले, "चल, सांगून येऊ." मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. गाडी चालवताना सर वाक्य जुळवत होते आणि वाऱ्यानं ते तुकड्यातुकड्यानं माझ्याकडे येत होतं. "रामभाऊ, पोरगं सोन्यासारखं हाय... पन खेळाले जे लागते... तुमाले आशेवर ठेवनं बरं नाई..." वलगाव येईपर्यंत त्यांनी ते इतकं घोटलं की मलाही पाठ झालं. मला ते ऐकून वाईट वाटत होतं, आणि सर खोटं बोलत नाहीत हेही कळत होतं.

वावरात झेंडू ऐन भरात होता. दिवाळीसाठीच राखलेला. कमरेएवढ्या उंचीच्या केशरी पिवळ्या फुलांतून वाट काढत आम्ही रामभाऊंना शोधत गेलो. आत आत शिरलो तसा बाहेरचा रस्ता, गाड्या, सगळं ऐकू येईनासं झालं. फक्त मधमाश्या होत्या.

आणि एकदम झेंडू संपला.

पुढे धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, लांबच लांब काळी, मोकळी पट्टी होती. फुलांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटून त्यांचा धुऱ्यावर ढीग घातला होता. मंगेश, कोपरांना फडकी बांधलेला, शेवटची झाडं नेऊन टाकत होता. रामभाऊ मधोमध उकिडवे बसून हातानं ढेकळं फोडत होते.

सर घसा खाकरून म्हणाले, "रामभाऊ..."

रामभाऊंनी मान वर केली नाही. एक ढेकूळ मुठीत दाबून पाहिलं आणि ते चुरगळत म्हणाले, "बरं झालं तुमी आले, सर. मले यातलं समजत नाई. माती दाबून घेऊ का अशीच भुसभुशीत ठेवू? पोरगं लय पडते."