दयाळू काडतूस

चहा घेताय ना? घ्या, पण मी सांगत असताना तोंडात घोट धरून बसू नका. मागच्या खेपेला हाच किस्सा सांगितला तेव्हा पाहुण्यांच्या धोतराचं वाटोळं झालं होतं. माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणा बराच झालाय, पण हा जो केला ना, तो भर दिवसा, पंचांना पाटावर बसवून केला!

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. निपाणीत आमची तंबाखूची वखार. वडील गेलेले, माझं लग्न व्हायचं होतं, घरात मी आणि आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि मला तिनंच वाढवलं. आमचं जैनाचं घर, त्यात आक्का म्हणजे कडक. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, उंबऱ्यावर मुंग्यांची रांग लागली तर माणसांनी मागच्या दारानं जायचं. आमच्या तंबाखूवर अळी पडली की ती मारायची नाही. एकेक वेचायची आणि अलगद नेऊन भरमाप्पाच्या शेतात सोडायची. भरमाप्पा म्हणजे आमच्या शेजारचा वखारवाला. त्याला हे ठाऊक नव्हतं, म्हणून मैत्री टिकली.

तर त्या साली तवंदीच्या घाटात लूटमार सुरू झाली. दोन व्यापाऱ्यांना अंगावरच्या कपड्यानिशी सोडलं, तेही एकाचा सदरा ठेवूनच घेतला. मला तर पेठेच्या दिवसांत, म्हणजे तंबाखूच्या खरेदी-विक्रीच्या हंगामात, रक्कम घेऊन त्याच घाटानं यावं लागायचं. मी गुपचूप अर्ज केला, परवाना मिळवला आणि विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाचं रिवॉल्व्हर विकत घेऊन घरी आलो.

आक्कानं ते बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"आदू, हे काय हाय रं?"

"राखणीला आणलंय आक्का. नुसतं भ्या दाखवायला."

"भ्या दाखवायला व्हय? मग त्याला गोळ्या कशाला लागत्यात?"

आक्का ओरडली नाही, हेच वाईट. शांतपणे म्हणाली, "ह्या घरात ते तरी ऱ्हाईल, न्हाय तर मी. मी जाते तवंदीच्या बस्तीत. देवाच्या पायाशी ऱ्हाईन."

बघा आता! बस्ती म्हणजे आमचं देऊळ, ते ठीक. पण ते होतं त्याच घाटात! चोरांच्या भीतीनं मी पिस्तूल आणलं, तर पिस्तुलाच्या भीतीनं बहीण चोरांच्या शेजारी राहायला निघाली! आई मला आठवत नाही. जी काय आई आठवते ती आक्काच. ती गेली तर त्या घरात मी करणार काय?

दोन दिवस हातापाया पडलो. शेवटी तिनं एक वाट ठेवली. "जीव घेणार न्हाय अशी गोळी मिळत असली तर आण. तसली घालून फिर. न्हाय तर मी चालले."

निघालो मी सर्व्हिस मोटारीनं बेळगावला. कॅम्पात बंदुकांचं एक दुकान होतं. दुकानदार म्हातारा, पलटणीतून निवृत्त झालेला, मिश्या कानापर्यंत.

"काडतुसं कशासाठी पायजेत शेठ? चांदमारीला का राखणीला?"

चांदमारी म्हणजे नेमबाजीचा सराव. मी म्हटलं, दोन्हींत फरक असतो काय? त्यानं दोन डबे उघडून समोर ठेवले. एकातल्या गोळ्या टणक, गुळगुळीत, वरून निकेलचा चकचकीत पत्रा. "ही चांदमारीची. लागली की सरळ आरपार. भोक पण साफ." दुसऱ्यातल्या गोळ्या नुसत्या शिशाच्या, बोथट, आणि टोकाला खळगा. "ही राखणीची. नरम असते. आरपार जात नाही. आतच थांबते."

आणि इथं, मंडळी, माझ्या अकलेनं उडी मारली. आरपार जाते ती क्रूर. थांबते ती दयाळू. सरळ हिशेब आहे की नाही? शिवाय मऊ. वर पोकळ! म्हणजे अर्धी गोळी तर देवानंच कमी केलेली!

तरी खात्री करावी म्हणून विचारलं, "म्हणजे पलीकडच्या माणसाला काय व्हायचं न्हाय?"

"छे छे! सगळा जोर ह्याच्यातच संपतो."

"मऊ हाय म्हणताय, मग लागल्यावर?"

"बसते पसरून."

बसते! बिचारी थकून आत जाऊन बसते! माझ्या डोळ्यांसमोर तो चोर उभा राहिला, नुसता चोळत बसलेला. मी म्हटलं, "अशीच पायजे बघा मला. त्या टणक गोळीनं माणसाला मारायचं म्हणजे जिवावर येतं."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं वर-खाली बघितलं. कपाळाला गंध, पायात साध्या वहाणा. "शेठ," तो हळू आवाजात म्हणाला, "दिसण्यावर जाऊ नये हेच खरं." मला वाटलं, कौतुक करतोय.

सरावासाठी टणक घेतल्या. मडक्याला कुठं जीव असतो? आणि माणसांसाठी मऊ.

घरी येऊन आक्काच्या तळहातावर ती मऊ गोळी ठेवली. तिनं नखानं दाबून बघितलं. नखाचा वण उठला. "अय्य, खरंच मऊ हाय की रं!" तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण आक्कानं बस्तीत बायकांना सांगितलं, बायकांनी घरी सांगितलं, आणि वखारवाल्यांची आमच्या ओसरीवर रीघ लागली. परवाने बऱ्याच जणांकडं होते, पण मन खात होतं. भरमाप्पा तर माझा हातच सोडेना.

"आदाप्पा, लई मोठं काम केलंस गड्या. धर्म पण ऱ्हायला, पैसा पण ऱ्हायला! माझ्यासाठी बी आण."

मीही काय कमी? मांडी घालून समजावून सांगायला लागलो. टणक गोळी म्हणजे राग, मऊ गोळी म्हणजे क्षमा. काय काय बरळलो, आठवलं तरी कान गरम होतात! 'दयाळू काडतूस' हे नावही मीच ठेवलं.

ज्याचा त्याचा परवाना आणि त्यांच्यातलेच चौघे जण घेऊन मी परत कॅम्पात. सगळ्यांनी एका सुरात तीच मऊ गोळी मागितली. म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला.

"शेठ, निपाणीत लढाई बिढाई आहे काय?"

"न्हाय हो. आमच्या समाजात हीच चालती."

म्हातारा उठून उभा राहिला आणि त्यानं मला खाडकन सलाम ठोकला! मीही ऐटीत घेतला. घेणार नाही तर काय!

आता पंचांतले एक वडीलधारे अण्णा होते, त्यांना पटेना. "गोळी ती गोळीच. मऊ असली म्हणून काय मुका घेती?" बस्तीत सगळ्यांसमोर बोलले. आक्काला ते लागलं. ती ताडकन म्हणाली, "माझा आदू खोटं सांगणार न्हाय. रविवारी आमच्या वखारीमागं या. डोळ्यांनी बघा."

झालं! उन्हाळ्याचे दिवस होते. भरमाप्पानं वेदगंगा नदीच्या वाळवंटातली दोन चांगली दणदणीत कलिंगडं आणली. भिंतीपुढं पोत्यांवर मांडली. समोर पाट टाकून पंच बसले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. आक्का त्यांच्या बाजूला, पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर. माझ्या शब्दावर तिनं आपली अब्रू लावलेली, त्यामुळं ती सगळ्यांत पुढं.

भरमाप्पा उत्साहात ओरडला, "ह्यो बघा घाटातला चोर! हाण आदाप्पा!"

"थांब!" आक्का कडाडली. "चोर म्हणायचं न्हाय! चोर समजून मारलं की चोर मारल्याचं पाप लागतंय. कलिंगडाला कलिंगड म्हण. आदू, मनात काय हाय तुझ्या?"

"कलिंगड हाय आक्का."

"मोठ्यानं म्हणत मार."

आता बघा माझी अवस्था. हातात भरलेलं रिवॉल्व्हर, एक डोळा मिटलेला, आणि तोंडानं "कलिंगड हाय, कलिंगड हाय" असा जप! आधी टणक गोळी झाडली. पुढं एक बारीक भोक, मागं एक बारीक भोक. कलिंगड जागचं हललंसुद्धा नाही.

"बघितलंसा?" मी पंचांकडं वळलो. "आरपार! किती निर्दयपणा!"

पंचांनी हळहळत माना हलवल्या. आक्कानं डोळे मिटून नमोकार मंत्र म्हटला.

"आता बघा हं. ही दयाळू."

नेम धरला. कलिंगड हाय, कलिंगड हाय म्हणत चाप ओढला.

मंडळी, कलिंगड नव्हतं.

म्हणजे जागेवर नव्हतं. ते सगळ्यांच्या अंगावर होतं. अण्णांच्या पांढऱ्या मिशीतून लाल थेंब गळत होते. एका पंचाच्या फेट्यात सालीचा तुकडा रुतून बसला होता. एक जण दोन्ही हातांनी छाती चाचपत "मला लागली, मला लागली" म्हणत आडवाच झाला. आणि आक्का! पदरापासून निऱ्यांपर्यंत लालभडक. ज्या पोत्यावर ते कलिंगड होतं तिथं आता नुसतं ओलं पोतं. म्हाताऱ्याचं 'बसते पसरून' म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

भरमाप्पानं ओठावरून जीभ फिरवली आणि पुटपुटला, "गोड हुतं."

अण्णा उठले, बिया झटकल्या आणि विचारलं, "आदाप्पा, ही जर तुझी क्षमा, तर राग कसला असतोय रं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्याहून भीती होती ती आक्काची. ती एक शब्द न बोलता घरात गेली. मागोमाग मी पळालो. बघतो तर तिनं जमिनीवर जुन्या लुगड्याचा धडपा पसरलाय आणि गाठोडं बांधतीये! चालली! माझी बहीण चालली तवंदीला! मी खाली बसलो, तिचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडायला लागलो.

"आक्के, जाऊ नको गं! चुकलो मी. तुझ्याशिवाय मला कोण हाय?"

"सोड पाय. मी कुठं चालले?"

"मग हे गाठोडं?"

"हे तुझं पिस्तूल आन् गोळ्या. उद्याच्या मोटारीनं नेऊन दे कॅम्पात. त्या भरमाप्पाच्या बी घेऊन जा."

मी डोळे पुसले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! "म्हंजे तू ऱ्हाणार? पिस्तूल गेलं म्हणून?"

आक्कानं गाठ करकचून आवळली आणि माझ्याकडं असं बघितलं, की ती नजर अजून आठवते.

"पिस्तुलासाठी न्हाय ऱ्हात मी. नुसती दया करायला गेलास तर कलिंगडाची ही गत केलीस. तुला एकट्याला सोडून गेले, आन् उद्या तू कुणावर माया केलीस, तर निपाणीत माणूस उरायचा न्हाय!"