मशेरीचं तेवढं वाक्य

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो – का, ते विचारू नका.

साठ सालच्या आसपास मी जामसंड्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. डॉक्टर घाटावरचे. त्यांची पुस्तकी मराठी आमच्या बायाबापड्यांच्या डोक्यावरून जायची, म्हणून ती मालवणीत सांगायचं काम माझ्याकडे. हिरड्या सुजून येणारे तर रोजचेच. मी ऐटीत सांगायचो – माडाच्या बुडाची माती गेली की माड डुलता, तसोच दात. आणि मशेरी आधी बंद! एकेकीला दटावायचो.

मग शेवंतीमावशी आली. नात्याची नव्हे, शेजारीण. पण आई गेल्यावर मी हिच्याच हातची पेज खाऊन वाढलो. तोंडाने फटकळ, मायेला मात्र तोटा नाही. सकाळी ती मशेरीसाठी तव्यावर तंबाखू भाजायला लागली की शेजारपाजार शिंकतच उठायचा. ‘माजो कंपोंडर’ म्हणून मला बाजारभर मिरवायची.

तिच्या हिरडीला बोट लावताच रक्त आलं. डॉक्टर आत हात धुताना मला म्हणाले, सांग तिला – मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, रोज हलक्या हाताने घासा, रक्त आलं तरी घासणं थांबवू नका – आणि मशेरी आजपासून बंद, नाहीतर दात जातील. मी सगळं सांगितलं. मशेरीचं तेवढं सोडून.

का? ती रुसेल म्हणून? खरं सांगू – तिच्या कौतुकाची मला चटक लागली होती. तिची एकुलती एक चैन हिसकावणारा मला व्हायचं नव्हतं. नंतर सांगू म्हटलं, आणि राहिलंच.

वर्षाने आली तेव्हा पुढचे चार दात हलत होते. डॉक्टर भडकले – मशेरी सोडायला सांगितली होती ना? मावशीने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं.

“ह्येना माका सांगितलेल्यान,” ती म्हणाली. “माकाच सोडूक जमला नाय.”

आणि मी काय केलं? गप्प बसलो? नाही हो – डॉक्टरांच्या देखत तिलाच झापलं. किती वेळा सांगायचं म्हणून! ती मान खाली घालून ऐकत होती.

दात गेले. सुका बांगडा तिचा जीव की प्राण, तो पुढे पेजेत भिजवून चोखायची. मला मात्र त्यावरून चकार शब्द बोलली नाही. पूर्वीसारखीच जेवायला हाक मारायची. माझा तिच्यावर फार जीव होता – हे लिहितानाही लाज वाटते.

मशेरी तिने मी झापलं त्याच संध्याकाळी सोडली. डबी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे भिरकावली, पुन्हा मशेरीला हात लावला नाही. तिला सोडता येत होती. कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा मी होतो.