भिंतीवरचं गाढव

बहात्तरच्या दुष्काळात मी सोलापुरातल्या एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत होतो. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. बारीक टाइप वाचून डोळ्यांना पाणी यायचं. लग्नपत्रिकासुद्धा कमी झाल्या होत्या. माझ्या शेजारच्या टेबलावर एक तेलुगू मामा बसायचे. चादरींच्या लेबलांसाठी ते लाकडात ठसे कोरत. हत्ती, हरीण, मोर. तीस वर्षं तेच हत्ती, तेच हरीण.

एके दिवशी त्यांनी मला एक निराळा ठसा दाखवला. रेशनच्या पोत्यावर बसलेली घूस. डोळ्यांवर चष्मा, हातात तराजू.

"ओळखलं?" त्यांनी विचारलं.

आमच्या गल्लीतल्या रेशन दुकानात मी आठवड्यातून दोनदा तांबड्या मिलोसाठी, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीसाठी, उभा राहत होतो. ओळखायला वेळ लागला नाही.

वाया गेलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तीसेक प्रती काढल्या. मामांच्या घरून सुताला लावायची खळ आणली आणि पहाटे, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, नळाजवळच्या आणि रेशन दुकानासमोरच्या भिंतींवर चित्रं चिकटवली. दुपारपर्यंत रांगेतले लोक हसत होते. कित्येक दिवसांत तिथं कुणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं. दुकानदारानं स्वतः येऊन चित्रं फाडली, तेव्हा तर आणखीच हसले.

त्या हसण्यानं आम्हाला चेव आला. मामांनी दुसरा ठसा कोरायला घेतला, त्यात आठवडा गेला. सुताच्या गाठोड्यांखाली वाकलेलं गाढव, मान खाली, पुढचे पाय फाकलेले. ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम होतं, असं मला आजही वाटतं. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. राबणाऱ्या माणसाचे काय हाल चाललेत, ते लोकांना दिसावं एवढंच आमच्या मनात होतं.

हे चित्रही आम्ही त्याच भिंतींवर चिकटवलं. चौथ्या दिवशी दुपारी एक बाई छापखान्यात आली. विड्या वळून बोटं पिवळी पडलेली. भिंतीवरून सोलून आणलेला कागद तिनं टेबलावर ठेवला आणि उलटा केला. मागं अर्धवट पत्रिका होती आणि खाली आमच्या छापखान्याचं नाव.

"हे तुमीच काढलं व्हय?"

मामा म्हणाले, "हो, मी काढलं."

"माजा नवरा सुताची हातगाडी ओढतो. त्याच भितीपुढनं रोज जातो. परवापासनं पोरं त्येला गाढव म्हनून हाका मारत्यात. काल मोठी मानसंबी हसली."

मामा म्हणाले, "बाई, आम्ही त्याच्या बाजूनं काढलंय. मालक लोक कसं राबवून घेतात, ते दाखवायचं होतं."

तिनं कागद सुलटा केला. नीट बघितला.

"मालक कुटं हाय ह्यात? नुस्तं गाढवच दिसतंय की."

ती रागानं बोलली नाही. दमलेली होती. कागद तिथंच ठेवून ती निघून गेली.

संध्याकाळी आम्ही बादली आणि पत्र्याचा तुकडा घेऊन भिंती खरवडायला गेलो. खळ इतकी पक्की बसली होती की कागद तुकड्यातुकड्यांनी निघत होता. नळावरच्या बायका बघत होत्या. तेवढ्यात तो हातगाडीवाला रिकामी गाडी घेऊन आला. त्या बाईनं त्याला आमच्याबद्दल सांगितलं असावं. तो थांबला. मामा त्याच्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं."

त्यानं भिंतीवर उरलेलं अर्धं गाढव बघितलं.

"बैल काढायचा व्हता," तो म्हणाला. "बैलाला पोळ्याला तरी पुजत्यात."

मग गाडी उभी करून त्यानं माझ्या हातातला पत्रा घेतला आणि उंचावरचे तुकडे काढायला लागला. मला तिथवर हात पुरत नव्हता.

परत जाताना मी मामांना म्हणालो, "आता मालकाचं काढू या."

"कसं काढू?" मामा म्हणाले. "दुकानदाराला रोज बघतो, म्हणून घूस जमली. गाडीवाल्यालाही रोज बघतो. मालक मी कधी जवळून पाहिलाच नाही."

त्यानंतर आम्ही भिंतीवर काही चिकटवलं नाही. मामा पुन्हा लेबलांकडे वळले. मी अजून तीन वर्षं तिथं होतो. हातगाडीवाला जाता-येता दारातून मामांना हात करायचा आणि मामाही हात वर करायचे. मी मात्र तेवढ्यात खिळ्यांच्या पेटीवर वाकायचो, काहीतरी शोधत असल्यासारखा.