परुळेकरांचा मालधक्का

परुळेकरांच्या हाती पावती दिली की ते माल दाखवायचे नाहीत. आधी इमारत दाखवायचे. मुलुंडच्या जुन्या रेल्वे मालधक्क्यावर ते मालबाबू होते. माझा धंदा जुन्या लाकडाचा, माल तिथेच उतरायचा. बाहेर हमाल खोळंबलेले, बैलगाडीवाला शिव्या देतोय, आणि हे माझा दंड धरून भिंतीपाशी नेणार. हा दगड घाटाच्या कामातून उरलेला. इथून मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं. प्लेगच्या साथीत इथे आजारी माणसं ठेवली होती. मी चिडून म्हणायचो, "बाबू, माल सोडा हो." त्यांचं एकच, "आधी आयका लाडशेट, मगे बोला."

पुढे नवा धक्का बांधला आणि जुना मोडून लिलावात काढायचं ठरलं. त्याच्या आठ सागवानी तुळयांवर माझा कधीचा डोळा होता. बारा वर्षं मी दुसऱ्याच्या पडवीत धंदा केला. त्या तुळयांवर मरोळला स्वतःची वखार उभी करायची होती. आमच्या धंद्यात हवा तो माल आधी नासका ठरवतात. पंधरा दिवस मी सगळ्यांना सांगत फिरलो, आत वाळवी आहे, नुसता पोकळ डोलारा आहे. लोकांना पटलंही.

लिलावाच्या सकाळी परुळेकर इस्त्रीचा कोट घालून आले आणि जमलेल्या सगळ्यांना आत घेऊन गेले. दगड, गवत, साथ, सगळं साग्रसंगीत. शेवटी एका तुळईवर त्यांनी चाकू हाणला. पात्याचं टोक मोडलं, तुळईला ओरखडा नाही. पुढे माझं काय चालणार? तुळया घाटकोपरच्या एका कंत्राटदाराने नेल्या.

मी त्यांना नाही नाही ते बोललो. त्यांनी मोडका चाकू मिटून खिशात घातला.

"तुमका नुकसान झाला, माका कळता. पण जाताना तरी ह्या इमारतीवर वाळवीचो आळ नको."

निवृत्त होऊन गावी जाण्याआधी ते भेटायला आले, तेव्हा मी मान वर केली नाही. वर्षभरात ते वारल्याचं कळलं. माझी वखार शेवटी ऐनाच्या लाकडावर उभी राहिली. तुळया वाकल्यात, पावसात गळते.

आता गिऱ्हाईक येतं, माझ्या दारांवर टिचकी मारतं, तोंड वाकडं करून कीड आहे म्हणतं. मग मी त्याचा दंड धरतो आणि ते दार कुठल्या घरातून आलं ते सांगायला लागतो. "आधी ऐका," मी म्हणतो, "मग भाव करा."

आणि दिवसभर माझं डोकं फिरलेलं राहतं.