बसून घेतलेलं माप

माप उभ्यानं घेतात. मीही डोंबिवलीत इतकी वर्षं ब्लाउज शिवले ते तसंच घेऊन. पण लेक केमिकल कंपनीत लागली, ॲसिडपासून वाचवणारा तो अंगभर सूट घरी घेऊन आली, आणि माझी झोप गेली.

सूट पुरुषी मापाचा, हिला ढगळ. दुसऱ्या दिवशी कंपनीत फिटिंग बघणार होते. ज्याला बसणार नाही त्याला प्लांटवर सोडणार नाहीत म्हणे. आणि हिला प्लांटच हवा. ऑफिसात टेबलामागे बसायला शिकले का, असं आम्हालाच विचारायची.

"आई, थोडा आत घे ना. कुणाला कळतंय?"

मी सुई ओवलीसुद्धा. मग सूट उलटा केला, तर प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली, टाक्याचं भोक म्हणून उघडं नाही. म्हटलं, "अगं, मी टोचेन तिथून ॲसिड आत येईल की."

तिला ते माहीत होतं.

"घाल बघू."

घातला. सुटाच्या बाह्या आणि पाय खालून दुमडून उभी राहिली. "बघ, बसतोय."

"आता उकिडवी बस."

बसली, तर एरवी ढगळ असलेला तो कमरेखाली मागं करकचून ताणला. मग स्टुलावर चढ म्हटलं. मांड्यांमधली शिवण इतकी खाली, की गुडघा वरच येईना. कपाट धरलं म्हणून पडली नाही.

"प्लांटवर शिडी आहे ना गं?"

"आहे. पण उद्या उभंच करून बघतील."

मी टेप काढली. तिला बसवून माप घेतलं, एक पाय स्टुलावर ठेवून घेतलं, मानेपासून पाठीवरून, मांड्यांमधून पुढं गळ्यापर्यंत घेतलं. "घे मोबाइलवर लिहून. द्यायचं की नाही, तू बघ."

दुसऱ्या दिवशी हातात काही टिकेना. एकाच ब्लाउजची काखेतली शिवण दोनदा उसवली. गॅलरीत जा, आत ये, नुसतं तेच.

संध्याकाळी ती आली. चपला काढता काढताच म्हणाली, "उभ्यानं बघून ओके म्हणाले."

"मग?"

"मग मीच म्हटलं, शिडी चढून दाखवते. दोन पायऱ्यांवर अडकले. मापं दिली. नवा मागवतायत. तोवर ऑफिसात."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?"

"मला काय माहीत, आई? जेवायला वाढ."

नवा सूट अजून आलेला नाही. रोज ती इस्त्रीचा कुर्ता घालून जाते, तशीच कोरी परत येते. मला हायसं वाटतं, आणि तिच्या तोंडाकडे मात्र बघवत नाही.