बटण बंद केल्यावर

खंडेनवमीला आमच्या मंगळवार पेठेतल्या वर्कशॉपात यंत्रं पुजली जायची. वर्कशॉप म्हणजे काय, तर घराच्या पुढच्या खोलीत एक लेथ आणि एक ग्राइंडर. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ होतं. पेढ्याच्या आशेनं ती सकाळपासून दारात ठाण मांडून बसायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पूजेत मांडायची विळी बोथट कशी ठेवायची, म्हणून ह्यांनी ऐन वेळी तिला ग्राइंडरवर धार लावली, बटण बंद केलं आणि नारळ आणायला मागे गेले. मी झेंडूची फुलं घेऊन आत आले, तर आमची पाच वर्षांची लेक ग्राइंडरपुढच्या स्टुलावर चढलेली. बोटावर ओलं कुंकू, आणि बोट धारेच्या गोल दगडापासून वीतभर.

दगड अजून फिरत होता. पण ना आवाज येत होता, ना फिरणं डोळ्यांना दिसत होतं. बंद केल्यावरही तो किती वेळ फिरतो, ते मी रोज बघत होते.

एरवी माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण ओरडले असते तर पोर दचकली असती, आणि दचकलेलं पोर समोर असेल त्याचा आधार घेतं. समोर दगडच होता.

"अगं, आधी आईला लावत्यात की," मी हळूच पुढं होत म्हणाले. "मग यंत्राला."

ती विचारात पडली. बोट तिथंच. मला नुसता राग येत होता, ह्यांचा, विळीचा, त्या गुपचूप फिरणाऱ्या दगडाचा. मग ती वळली आणि तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी तिला दोन्ही हातांनी कवळा घालून खाली ओढलं.

"बंद हाय की ते," दारातला एक पोरगा म्हणाला. म्हणजे उद्या ह्याचं बोट जाणार.

"पळत आलास की उंबऱ्यात एकदम थांबता येतं का रे?" मी त्याला विचारलं.

"न्हाय. पुढं जातोय जरा."

"का?"

"अंगात पळणं असतंय की अजून."

"तसंच ह्याच्या अंगात फिरणं हाय. मोटरीनं भरलेलं. बटण बंद केलं तरी ते सरंपर्यंत हा फिरणार, आणि मधे जे येईल त्याला फाडणार."

मी लांबूनच एक झेंडू दगडावर टाकला. पाकळ्या खोलीभर उडाल्या. दारातली पोरं पाऊलभर मागं सरली.

हे नारळ घेऊन आले तेव्हा दगड खरोखर थांबला होता. "लाव आता कुंकू," मी लेकीला म्हटलं. पण ती जाणार कशी? तिचे दोन्ही हात मी घट्ट धरून ठेवले होते. तिनं दगडाकडे बघितलं, मग खाली माझ्या हातांकडे.

"आई, ते थांबलं," ती म्हणाली. "तुझं हात अजून धरायचं थांबलं न्हाईत."