शेषराव मिस्त्रींची गाळणी

शेषराव मिस्त्री विकत घ्यायची वस्तू आधी तोंडाला लावत. तोटी असो, रबरी नळी असो, नाहीतर मोटारीच्या पेट्रोलची गाळणी असो. दुकानात उभ्या उभ्या ते ती धोतराच्या सोग्याने पुसत, ओठांवर धरत, डोळे मिटत आणि फुंकत. जुन्या जालन्यातल्या दुकानदारांना याचा फार राग. एकाने तर माझ्यादेखत विचारले होते, हे सामानाचे दुकान आहे की बासऱ्यांचे? मिस्त्रींनी डोळे उघडले नाहीत. फुंकून झाल्यावर गाळणी त्याच्या पुढ्यात परत ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "बासरी असती तर घेतली असती."

मी तेव्हा जालन्यात नवा डॉक्टर होतो आणि माझी मोटार जुनी होती. जिनिंगच्या एका कारखान्यातल्या साहेबाने गाव सोडताना ती मला विकली. गाडीबरोबर मिस्त्रीही मिळाले, कारण ते त्याच कारखान्यात फिटर होते आणि तिची नस न् नस ओळखत होते. मूळचे तीर्थपुरीकडचे शेतकरी. भाऊ शेत पाहत, हे इंजिने पाहत. त्या भागातल्या काही विहिरींवर नव्याने तेलाची इंजिने बसली होती. ती रुसली की बागायतदार मिस्त्रींनाच बोलावणे धाडत. माणूस उंच, काटकुळा, बोलायला कमी. पण कामाला कुणी नाव ठेवलेले खपायचे नाही. "माझ्या हातची खोट दाखवा, अवजारं हितंच ठिवून जातो," असे ते भर बाजारात म्हणत. ते अवजारे ठेवून गेल्याचे मी कधी पाहिले नाही.

लढाईची वर्षे होती. पेट्रोल चिठ्ठीवर मिळे, तेही गंजक्या डब्यांतून. त्यात पाणी, माती, पत्र्याचा चुरा, सगळे यायचे. हा कचरा अडवायला माझ्या गाडीत एक काचेची वाटी आणि तिच्या तोंडाशी पितळी जाळीची गाळणी होती. एके दिवशी मिस्त्रींनी ती काढून उजेडात धरली. जाळी फाटली होती. मी म्हटले, बाजारात नवी मिळते, बसवून टाका. तेव्हा त्यांनी मला त्यांचे शास्त्र सांगितले. "डाक्टरसाब, जिथून आपला दमच जात न्हाई, तिथून पेट्रोल कसं जाईल? आन जिथून दम लईच सोपा जातो, तिथून कचराबी जातो. फुकताना जरासा गळा दाटला पाह्यजे. बस, तितकंच."

आम्ही सारा बाजार पालथा घातला. मला एक गाळणी फार आवडली होती. नवीकोरी, चकचकीत, वर कुठल्याशा विलायती कंपनीचा ठसा. मिस्त्रींनी ती फुंकली, मग कडेचा झाळलेला सांधा नखाने खरवडला, तर आतून नुसते मऊ शिसे निघाले. जाळीही कडेला नीट बसलेली नव्हती. "ही नवरी नुसती नटलेली हाय," म्हणाले आणि चालू लागले. मी मागे राहून दुकानदाराची समजूत घातली. घरी आल्यावर म्हणाले, बराबर माल मिळेपर्यंत गाडी उभी राहील. किती दिवस, ते सांगेनात. तीन दिवस झाले, पाच झाले, आठ झाले. मी टांग्याने रोग्यांकडे जात होतो आणि मनात मिस्त्रींना शिव्या देत होतो. नवव्या दिवशी मी जरा आवाज चढवला, तेव्हा ते रुमाल बांधून औरंगाबादची गाडी धरायला निघून गेले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी किसन नावाचा एक शेतकरी माझ्या दारात आला. तीर्थपुरीच्या अलीकडच्या, मिस्त्रींच्या शेताच्या वाटेवरच्या एका खेड्यातला. बायको आदल्या दुपारपासून अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते. अंबडहून उतारूंची पहिली सरकारी मोटार धरून तो आला होता. त्याला घेऊन लगेच निघायला हवे होते, परतीची सरकारी मोटार संध्याकाळी होती, आणि माझी गाडी गाळणीवाचून उभी.

मला तेव्हा जे सुचले त्याचा मला अभिमान वाटला होता, हे आज सांगताना लाज वाटते. दवाखान्यात उकळून वाळवलेले मलमपट्टीचे कापड होते. याहून स्वच्छ जालन्यात काय असणार? मी त्याची दुहेरी घडी करून गाळणीच्या जागी घट्ट बसवली. गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. अंबडपर्यंत अशी पळाली की मी किसनला म्हणालोसुद्धा, बघ, मिस्त्रीवाचूनही गाडी चालते.

अंबड सोडून चार-पाच मैलांवर तिने दोन आचके दिले आणि थांबली. मी काचेची वाटी काढून पाहिली, स्वच्छ होती. कापड पाहिले, तेही स्वच्छ. पुन्हा सुरू केली की फर्लांगभर जायची आणि पुन्हा थांबायची. ऊन चढत होते. शेवटी किसन पुढच्या वस्तीवर पळत गेला आणि बैलगाडी घेऊन आला. आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बाई वाचली. मूल मुलगा होता, आणि तो गेलेला होता. दोन-तीन तास आधी हात लागला असता तर तो जगला असता, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. किसनने दारात मला विचारले, की मोटारीला काय झाले होते? मी म्हणालो, जुनी गाडी आहे, काही सांगता येत नाही.

गाडी बैलांनी ओढत जालन्याला आणली. मिस्त्री औरंगाबादेहून परतले होते. एका मोडलेल्या लॉरीची जुनी, काळवंडलेली, पण पक्की गाळणी त्यांनी शोधून आणली होती. मी सगळे सांगितले. त्यांनी कार्बोरेटर उघडला, त्यातल्या सुईएवढ्या भोकात तार घातली आणि बाहेर आलेला कापसाचा बारीकसा गोळा माझ्या तळहातावर ठेवला. कापडाचे बारीक तंतू सुटून पुढे जाऊन बसले होते. वाटी आणि कापड स्वच्छ दिसणारच होते. आता हा माणूस मला फाडून खाणार, असे मला वाटले, आणि ते मला हवेही होते. पण ते गाडीच्या पायरीवर बसले.

"चूक माझी हाय, डाक्टरसाब," ते म्हणाले. "आठ दिस गाडी उभी करून ठिवली, पन कापड कामून चालत न्हाई, ते तुम्हाला सांगितलं न्हाई. मला वाटलं, माझं मला ठावं हाय, बस झालं."

मी म्हटले, तुमचा काही संबंध नाही. त्यांनी किसनच्या गावाचे नाव विचारले, गाळणी बसवली आणि शेताकडे जाऊन येतो म्हणून कारखान्यातून दोन दिवसांची रजा घेतली.

त्यानंतर मिस्त्री मला गाडीतली प्रत्येक गोष्ट समजावून सांगू लागले, मला कंटाळा येईपर्यंत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येत होती. तीर्थपुरीकडून इंजिनांसाठी येणारी बोलावणी थांबली होती. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "लोकं शिकली आता, आपली आपन दुरुस्ती करून राह्यली." मला ते खरे वाटले. दोन वर्षांनी विषमज्वराने ते गेले. एकवीस दिवस मी त्यांच्या उशाशी जात होतो. माझ्या हातात होते ते सगळे केले आणि ते पुरे पडले नाही. इतक्या रोग्यांत मी रडलो तो या एका माणसासाठी.

पुढे चार महिन्यांनी किसन पुन्हा दारात आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या; या वेळी सुईणीची वाट न पाहता तो आधीच निघाला होता. गाडीत बसता बसता म्हणाला, "मागल्या बारीचं मनात ठिवू नका. तुमचा दोष न्हवता. शेषराव मिस्त्री आल्ते ना घरी. पारावर चार लोकांत म्हणले, गाळणी म्याच बसवली होती, खोट माझ्या हातची. डाक्टरला बोल लावू नका, पुढं अडलं तर त्यांनाच बलवा. मंग आम्ही त्यांना इंजिनावर पुन्हा बलवलं न्हाई. मनच झालं न्हाई."

माझा हात हँडलवरच राहिला. जो माणूस आपल्या कामाला लागलेला एक शब्द सहन करत नसे, त्याने आपल्याच मुलखात, आपल्याच भाऊबंदांत जाऊन स्वतःचे नाव बुडवले होते. का, तर पुढच्या अडलेल्या बाईसाठी लोकांनी डॉक्टरला बोलवायला कचरू नये. आणि मला दोन वर्षांत एका अक्षराने कळू दिले नाही.

मी किसनला खरे ते सांगितले. मिस्त्री त्या दिवशी गावात नव्हते. कापड मी घातले होते. आणि दारात मी तुला खोटे बोललो. आता हा उतरेल, असे मला वाटले.

"हे पारावर सांगताल?" त्याने विचारले.

"सांगेन."

"मंग चला जल्दी. ती वाट पाहून राह्यली."

दुपारी मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. हात धुऊन मी पारावर गेलो आणि जमलेल्या लोकांना सगळे सांगितले. सगळे झाल्यावर मिस्त्रींच्या भावकीतला एक म्हातारा उठला आणि काठी टेकत माझ्याजवळ आला.

"डाक्टरसाब," तो म्हणाला, "दोन साल शेषराव ह्या वाटेनं शेतावर जायचा. आम्ही त्याला च्यालासुद्धा हाक मारली न्हाई."